कांग कास्मुरीचं अंडं

'सापुतांगान' बंद पडलं त्याला बरीच वर्षं झाली, पण त्याचे चाहते दर वर्षी वाढतच चाललेत. चालू होतं तेव्हा निम्मे लोक शेजाऱ्याचा अंक मागून वाचायचे आणि परत करायला विसरायचे. आता तेच छातीवर हात ठेवून सांगतात, "आपलं मासिक गेलं हो!" मेल्या म्हशीला मणभर दूध.

सापुतांगान म्हणजे रुमाल. हौशी जादूगारांचं मासिक होतं ते. ब्रेबेसपासून सेमारांगपर्यंत जावाच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर जो कोणी सुंतेच्या जेवणावळीत पोरांपुढे नाणं गायब करायचा, तो त्याचा वाचक. सायक्लोस्टाईलवर काढलेली थोडकी पानं, आणि शाई अशी की वाचणाऱ्याची बोटं निळी व्हायची. बाजारात भाजी निवडणारा निळ्या बोटांचा माणूस दिसला की समजायचं, गडी जादूगार आहे आणि आजच अंक आलाय. मुखपृष्ठावर दर महिन्याला एकच ओळ असायची: 'वाचा, पेटीत ठेवा, बायकोला दाखवू नका.' गुपित फुटू नये म्हणून अंक बिननावाच्या तपकिरी पाकिटातून यायचा. पोस्टमन ते देताना डोळा मारायचा.

माझी थोरली बहीण यू तारिपाह हिनं लग्नानंतर पहिलं पाकीट पाहिलं, तेव्हा ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. मग एक दिवस हळूच उघडून बघितलं, तर आत रुमालाला गाठ कशी मारायची त्याची चित्रं.

"आपल्याला वाटलं तेच असतं तर बरं झालं असतं रं," ती मला म्हणाली. "निदान चारचौघांसारखा नवरा म्हणता आला असता."

हा तिचा नवरा म्हणजे कांग कास्मुरी. वयानं मोठ्या गड्याला आमच्याकडे कांग म्हणायचं, मोठ्या बाईला यू. धंदा पत्र्याचा, रॉकेलची नरसाळी नि स्टोव्हचे बर्नर करायचा. गडी हट्टी. नरसाळ्याला भोक राहिलं तरी गिऱ्हाइकाला सांगायचा, तेल ओतायची तुझीच रीत चुकली. पण जादूत एक भोक राहू द्यायचा नाही. एक खेळ त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढला होता. मांडवातल्या सर्वांत मानाच्या म्हाताऱ्याची काळी टोपी मागून घ्यायची, तीत बदकाचं अंडं फोडायचं, दोन शब्द पुटपुटायचे आणि टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर परत ठेवायची. टोपी कोरडी, केस कोरडे. बदकं माझी होती, त्यामुळे तो खेळ बसेपर्यंत माझ्या घरात खारवायला अंडं उरलं नाही.

खेळ बसला. आमच्या बापाच्याच टोपीवर पहिल्यांदा करून दाखवला. म्हाताऱ्यानं डोकं चाचपलं नि जावयाला आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली.

मग कास्मुरीनं तो 'सापुतांगान'ला लिहून पाठवला. जादूगारांत रीत अशी की खेळ छापून आला की तो तुमचा. तोवर बारशाआधीचं पोर. अंक आला. ठळक अक्षरांत नाव: कास्मुरी, तेगाल. चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना मातीच्या किटलीतला चहा पाजला नि मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसरं पान उलटलं आणि तो थांबला.

"या अल्ला," तो म्हणाला. "वळ गेली."

पानाच्या तळाशी स्टेन्सिल संपली होती आणि त्या पानाची शेवटची ओळ कागदाबाहेर पडली होती. ती ओळ मी इथे लिहीत नाही, मेव्हण्यानं शपथ घातलीय. त्या ओळीत पत्र्याची एक छोटी वस्तू होती, एवढंच सांगतो. तेवढी ओळ वगळून खेळ केला तर काय होतं? टोपीत अंडं फुटतं आणि ती टोपी माणसाच्या डोक्यावर जाते. बस.

दुकानाला कुलूप लावून कास्मुरी संपादकाकडे गेला, मला बरोबर घेऊन. संपादक पाक हर्सोयो (पाक म्हणजे साहेब) साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे योग्या शहराचे. आमच्या तेगालच्या बोलीला सारी जावा हसते. ह्यांचं बोलणं साखरेत घोळवलेलं.

"बसा कास्मुरी. चहा घेणार ना?"

"च्या नगं. ती वळ छापा."

"छापू की. पुढच्याच अंकात."

पुढच्या अंकाआधी पत्रं आली. संपादकांनी ती आमच्यापुढे टाकली. सेमारांगचा एक लिहीत होता, 'आजवरचा सर्वोत्तम खेळ.' ब्रेबेसचा म्हणत होता, 'प्रेक्षक अवाक झाले.' पेकालोंगानचे बातिक कापडाचे व्यापारी पाक रुस्मान यांनी कळवलं होतं की नगरभवनात लोक उभे राहिले. उभे राहिले असतील, त्यात काय नवल?

"ही समदी खोटं बोलत्यात," कास्मुरी म्हणाला. "ह्या कागदावरनं खेळ व्हईलच कसा?"

"तसं असेलही."

"मग छापा की दुरुस्ती!"

"आणि माझे सगळे वर्गणीदार खोटारडे आहेत, हेही छापू? कास्मुरी, खेळ उत्तम झाला असं सगळे म्हणताहेत. तुम्ही एकटेच नाही म्हणताय, आणि तेही स्वतःच्याच खेळाला."

दुरुस्ती छापली गेली नाही. अळी मिळी गुपचिळी. जादूगारांची तशी पद्धतच आहे. त्यांच्या मंडळाच्या बैठकीत दर महिन्याला नव्या अंकातला एकच खेळ सगळे पाळीपाळीनं करायचे आणि बाकीचे दर वेळी नव्यानं थक्क व्हायचे. दुसऱ्याचा खेळ बघून थक्क न होणं हा तिथं अपमान.

पण मांडवातले लोक काही मंडळाचे सभासद नव्हते. त्यांची डोकी भिजली होती. 'तेगालचं अंडं' हे नाव रस्त्याभर झालं. कास्मुरीला सुंतेची आमंत्रणं येईनाशी झाली. कुठे गेलाच तर म्हातारे टोप्या काढून मांडीखाली घालून बसायचे.

"कांग, अंडी शिजवून आणलीत का?" पोरं ओरडायची.

तो म्हणायचा, "एक वळ गेलीय रं, एक वळ!" कोणाला कळणार? जादूगारांत त्याची वाहवा, गावात त्याची छीथू, आणि खेळ तर बिनचूक. घरी तो एकच घोकत बसायचा: एकदा चार जाणत्यांनी म्हणावं, कास्मुरी, तुझा खेळ खरा होता.

मासिक पुढे कागद महागल्यामुळे बंद पडलं. शेवटच्या अंकात 'थोडी विश्रांती घेत आहोत' असं छापलं होतं. विश्रांती बरीच लांबली. मग परवा मंडळानं 'सापुतांगान'च्या आठवणींचा मेळावा भरवला, आमच्याच तेगालात, मटणाच्या खानावळीच्या माडीवर. अध्यक्ष पाक रुस्मान. सत्कार पाक हर्सोयोंचा. आणि आग्रहाचं निमंत्रण: कांग कास्मुरी यांनी आपला अमर खेळ सादर करावा.

"जाऊ नगंस," यू तारिपाह म्हणाली. "पुन्यांदा हसं व्हईल."

"जाणार. बदकं घालत्यात का रं?" त्यानं मला विचारलं.

भाषणं झाली. ज्यांनी कधी वर्गणी भरली नाही त्यांचे रुमाल आधी निघाले. मग कास्मुरी उठला.

"छापलाय तस्साच करतो," तो म्हणाला. "एक अक्षर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. पाक हर्सोयो, ह्यो अंक घ्या, तुमीच वाचा. आन् टोपी देतील आमचे अध्यक्ष."

माडीवरचे हात आपापल्या टोपीकडे गेले. रुस्मानांची टोपी नवी, मखमली. त्यांनी ती दिली. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? संपादकांनी साखरेत घोळून वाचलं, "अंडे टोपीत फोडावे." फोडलं. "टोपी मालकाच्या मस्तकावर ठेवावी व टाळ्यांची वाट पाहावी."

कास्मुरीनं टोपी रुस्मानांपुढे धरली. त्यांनी आत वाकून पाहिलं. आत जे होतं ते होतंच. त्यांनी कास्मुरीच्या डोळ्यांत पाहिलं, टोपी घेतली आणि स्वतःच्या हातानं डोक्यावर चढवली. कानामागून नारिंगी बलक कॉलरीत उतरला.

"कोरडी!" रुस्मान म्हणाले. "अगदी कोरडी!"

सगळी माडी उभी राहिली. काय त्या टाळ्या! शेजारचा मला म्हणाला, "असं सफाईचं काम पुन्हा बघायला मिळायचं नाही." कास्मुरीचं तोंड मात्र सुकलं. ह्यांना कसं खोटं पाडणार? ही माणसं अंगावर अंडं वाहत असतानाही हरत नाहीत.

जेवणाआधी तो खाली हात धुवायला गेला. अंड्यांची टोपली घेऊन मी मागोमाग. नळावर रुस्मान डोकं धूत होते.

"आता सांग," ते म्हणाले. "कुठली ओळ?"

"म्हंजी तुमास्नी ठावं हुतं, वळ गेलीय ते?"

"कुठलं ठाऊक? आत्ता तुझ्याकडे बघून कळलं. माझ्या टोप्या गेल्या, सासऱ्याची तर हजहून आणलेली. मला वाटलं, माझेच हात थोटे. पुन्हा जादू केली नाही रे. म्हणून तर अध्यक्ष झालो."

कास्मुरीनं खिशातली पत्र्याची वस्तू काढली, कानात ती ओळ सांगितली. रुस्मानांनी कपाळावर हात मारला. आणि डोकं पुसत वर गेले. मग ब्रेबेसचा आला. हात कोरडेच होते, तरी धुवायला लागला. "कांग, सहज विचारतो..." मग सेमारांगचा. जिन्यावर रांग लागली. प्रत्येक जण पुढच्याला सांगत होता की मटण फार तेलकट आहे. मटण अजून वाढलंच नव्हतं. कास्मुरीची छाती माणसागणिक फुगत होती.

शेवटी पाक हर्सोयो उतरले.

"ती ओळ मलाही हवी होती," ते म्हणाले. "तुमचा कागद माझ्याकडून हरवला होता."

"मंग तवा का न्हाई इचारलं?"

"संपादकानं विचारायचं?"

कास्मुरीनं हात पुढे केला. "टोपी द्या, पाक. अंडं हाय का रं?"

टोपलीत होतं. त्यानं ते फोडलं, पुटपुटला आणि टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली. पाक हर्सोयोंनी टोपी चाचपली. काढून आत पाहिलं. मग केसांतून हात फिरवला आणि तळवा डोळ्यांजवळ धरला. वर कोणीतरी मासिकाच्या आठवणीनं गहिवरून बोलत होतं, टाळ्या पडत होत्या. ओळ सांगायची राहिली, त्यांनीही विचारली नाही. महिन्यामागून महिने रीतीप्रमाणे थक्क झालेला तो माणूस नळापाशी कोरडा तळवा बघत उभा होता, आणि टाळ्या वाजवायचं विसरला होता.