दादाचं अर्धं राहिलेलं भाषांतर

आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा पाळणारं. भूतखेत, अंगात येणं असलं काही आईला खपत नाही, मलाही नाही. तरी हे लिहितेय… कारण गप्प बसून डोकं फुटायची वेळ आलीय.

अमडापूरजवळचं आमचं गाव. बीटी कापूस नवीन होता तेव्हाची गोष्ट. फवारणी कमी लागेल म्हणायचे. डोंबल कमी! माझा दादा हंगामभर पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारायचा. नागपूरला एका जपानी भन्तेंकडे राहून तो जपानी शिकला होता. हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलवरचा एक जपानी गेम आम्ही मराठीत करत होतो — फुकट, निव्वळ हौस. दादा वहीत लिहायचा, मी कॉम्प्युटरवर ते गेममध्ये बसवायची. गेममधल्या संवादाच्या चौकटीत तीनच ओळी मावतात, त्यावरून रोज भांडायचो.

एका दुपारी फवारताना दादा शेतातच पडला, संध्याकाळी गेला. त्या शेताचा मालक गावभर सांगत सुटला, पोराने औषध पिलं. पोलिसांच्या कागदावरही तेच चढलं. सकाळी आईला वांग्याची भाजी कर म्हणून सांगून गेलेला माणूस औषध पितो? आई एकच विचारायची, "काऊन पिईन तो?" दिवसभर तेच, का म्हणून? संताप संताप व्हायचा माझा.

महिन्याने एका सकाळी किती काम राहिलंय ते बघायला कन्सोलवर गेम लावला. त्यातल्या दुकानदाराचं बोलणं अजून जपानीतच होतं, दादाने ते केलंच नव्हतं. बटण दाबलं… आणि चौकटीत मराठी आलं.

"पंप गळून राह्यला होता. म्या मालकाले दोनदा सांगतलं. मी औषध पेलो नाही."

वही पाहिली, फाइल पाहिली. कुठेच नाही. आईनेही स्क्रीनवर वाचलं.

तशीच तणतणत मालकाच्या घरी गेले, कन्सोल त्याच्या हातात दिला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"पंपाचं तुले कोनं सांगतलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग तो सावरला आणि म्हणाला, तूच लिहून आणलं असशील, गेममध्ये मराठी बसवायला तुला येतंच. पोलीसही तेच म्हणाले. तुमच्यातलेही काही तेच म्हणतील, माहीत आहे मला. ती तीन वाक्यं कुठून आली, आजही सांगता येत नाही.

पण मालकाच्या तोंडचा तो प्रश्न तर मी लिहिला नव्हता ना?