थावराचं सपान

बायको गेली, तिलाही हे सांगितलं नाही. औंढ्याला नागनाथासमोर कितीदा हात जोडले, तिथंही जीभ उचलली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या पारावर भेटून रामराम घालणार नाही.

शिरड शहापूरच्या शिवारात मला नावानं कोणी हाक मारत नाही. सुभेदारसाब म्हणतात. दोन लढाया पाहिलेला माणूस! पदकांची ओळ छातीवर मावत नाही. त्यातली बरीचशी हजेरीची. दुसऱ्या लढाईत तर मी हिंगोलीत खुर्चीवर बसून पोरं भरती केली, तरी पदकं आली. मोलाचं पदक एकच — पहिल्या लढाईतलं, बहादुरीचं. माझी बढती त्याच्यावर, गावातला मान त्याच्यावर. आणि ते माझं नाही.

म्हणजे सरकारी हुकमानं माझंच. पण — थांबा, नीट सांगतो.

थावरा आमच्या शेजारच्या तांड्यावरचा. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, म्हणून पलटणीत त्याच्या हाती खेचरं दिली. मी नाईक होतो. बसऱ्याच्या पुढं एका कालव्यापाशी दुसऱ्या पलटणीची माणसं जखमी होऊन उघड्यावर पडली होती. गोळ्या चालू होत्या. जायला मी हवा होतो. नाईक मी होतो ना? मी खड्ड्यात तोंड खुपसून पडलो होतो. गेला थावरा. खेचराच्या कानात काही पुटपुटत गेला, एकाला घेऊन आला — आणि परत गेला. शेवटच्या खेपेला त्याच्या मांडीत गोळी घुसली. खेचर त्याला आणि जखमीला घेऊन आपसूक खड्ड्यापाशी आलं. तेव्हा कुठं मी उठलो. दोघांना खाली उतरवून घेतलं, एवढंच. दोघंही बेशुद्ध, त्यांचं रक्त माझ्या अंगभर. तेवढ्यात गोरा साहेब आला. त्यानं ते रक्त पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी काय बोललो? काही नाही. गप्प राहायला कुठं हिंमत लागते?

तेवढ्यावर थांबलो असतो तर नुसता चोर ठरलो असतो. पण इस्पितळात थावरा शुद्धीवर आला. म्हणाला, "नाईकसाब, मी गेलतो ना खेचर घेऊन? का सपान पडलं मला?"

"सपान," मी म्हणालो. "भेदरून पळत व्हतास तू. म्याच आणलं तुला."

त्यानं माझे पाय धरले. गावी आल्यावर हीच गोष्ट मी पारावर सांगितली, आणि सांगतच राहिलो. कुणी विचारलं की थावराही मान हलवायचा.

पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल माझा जातो. एका वर्षी थावरालाच सुचलं, सुभेदारसाबांची पदकं बैलाच्या बाशिंगाला बांधायची. तेव्हापासून दर पोळ्याला तो लंगडत येतो. त्याच्या बायकोनं कवड्या लावून शिवलेली झूल बैलावर घालतो आणि ते बहादुरीचं पदक स्वतःच्या हातानं बैलाच्या कपाळावर बांधतो. पदक त्याचं, बैल माझा. मी बाजूला विडा चघळत उभा असतो — लाज वाटत नसेल का? वाटते. विडाही संपतो.

दुसरी लढाई लागली तेव्हा तो पोराला घेऊन हिंगोलीला आला. एकुलतं एक पोरगं. "साब, याला तांड्यावर चिडवून राहिले, पळपुट्याचं लेकरू म्हणून," थावरा म्हणाला. "माझ्यावानी भेदरट व्हऊ देऊ नका. तुमच्यावानी करा." एक वाक्य — एकच वाक्य बोललो असतो, तर ते पोरगं ताठ मानेनं घरी गेलं असतं. मी भरतीच्या कागदावर त्याचा अंगठा घेतला.

ब्रह्मदेशातून ते परत आलं नाही. त्याच्या नावाचं पदक तेवढं आलं. या पोळ्याला थावरानं तेही आणून माझ्या बैलाच्या कपाळावर बांधलं. "हितंच शोभते, साब," म्हणाला. मी अडवलं नाही. बैल तोरणाखालून गेला, लोकांनी गलका केला, आणि घरी येऊन मी पुरणपोळी खाल्ली.

सध्या रझाकारांच्या भीतीनं आसपासची बायकापोरं माझ्या घरी येऊन राहिली आहेत. सुभेदार आहे ना, मग भ्यायचं काय! बंदूक खुंटीला आहे. ती मी अजून खाली काढलेली नाही. दाराशी थावरा कुऱ्हाड घेऊन बसला आहे. सकाळी आला तेव्हा म्हणाला, "या बारीला न्हाई पळणार, साब."

हे लिहिताना त्याची पाठ मला दिसते आहे. मघाशी त्यानं वळून विचारलं, "काही पाह्यजे का, साब?"

मी म्हणालो, "न्हाई."