वारो बघून येतंय

बोटवाले काका मासा घेताना त्याच्याशी बोलायचे. "काय रे, कधी निघालंस घराकडसून?" असं विचारत कल्ला उचलून बघायचे आणि लालबागच्या बाजारातल्या कोळणी खो-खो हसायच्या. काका आयुष्यभर बोटीवर स्वयंपाकी होते. इटली-ग्रीसची बंदरं त्यांना आमच्या चाळीच्या जिन्यासारखी पाठ.

रिटायर झाल्यावर दर रविवारी संध्याकाळी ते तिकडचा मासा करायचे. अख्खं पापलेट, ऑलिव्ह तेल, लसूण, टोमॅटो, लिंबाच्या चकत्या, चार काळे ऑलिव्ह, सगळं त्यांच्या जुन्या गोल ओव्हनमध्ये. हळद नाही, तिखट नाही, खोबरं तर नाहीच नाही. "माशाक बोलूक दी गो. मसालो मधीच तोंड घालता." सोबत गार पांढरी वाईन. ती आणायचं काम माझं, कारण मी शेजारीण आणि परळच्या ऑफिसातून येताना दुकान वाटेत. एकदा मी हौसेने लाल आणली तर काका कळवळलेच. "अगो, लाल वाईनीवांगडा मासो गंजलेल्या खिळ्यासारखो लागता!"

काकूंचं तंत्र वेगळं. बूच निघायच्या आत त्या देव्हाऱ्याचा पडदा ओढून घ्यायच्या. चाळीत दारं सताड उघडी, म्हणून वाईन स्टीलच्या पेल्यात. त्या स्वतः वाईनला शिवायच्या नाहीत आणि त्या माशालाही नाही. "आजाऱ्याचां जेवाण मेलां!" म्हणत आपल्यापुरतं कालवण करून घ्यायच्या. काका हसायचे, पण त्यांच्या मनाला लागायचं. जगभरच्या खलाशांनी बोटं चाटली, बायकोने एक घास घेतला नाही.

सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी मागणंच मागितलं, आज तू माझा मासा खायचा. काकू "बरां" म्हणाल्या. काका गॅलरीतल्या कुंडीतली कोथिंबीर खुडायला गेले, तेवढ्यात काकूंनी ओव्हनचं झाकण उचललं आणि माशाखाली चार आमसुलं नि चमचाभर मालवणी मसाला सरकवला. माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी कशाला बोलते!

पहिल्या घासाला काका थबकले. काकूंकडे पाहिलं. त्या दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. "आज जमलां," एवढंच ते म्हणाले. मला दारापर्यंत सोडताना मात्र हळूच पुटपुटले, "माका कळाचां नाय काय? पण जेवली गो ती!" चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

त्यानंतर दर रविवारी मासा ओव्हनमध्ये गेला की काका उठायचे. "वारो बघून येतंय." बोटीवरची सवय म्हणे. गॅलरीत पाच मिनिटं उभे राहून परत यायचे, आणि दोघं एका ताटलीतून जेवायची.

गेल्या वर्षी काका गेले. फार आठवण येते त्यांची. यंदा त्यांच्या वाढदिवसाला काकूंनी मला वाईन आणायला सांगितली. पापलेट त्यांनीच ओव्हनमध्ये ठेवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तुम्ही आमसुलं घालायचात ते काकांना माहीत होतं."

"तर!" काकू म्हणाल्या. "आमच्या गॅलरीसमोर टॉवराची भिंत. थंय कसलो गो वारो दिसतलो?"

मासा ताटलीत आला. आमसुलाची बरणी फळीवरच होती. "आज त्यांच्यासारखोच केलंय," त्या म्हणाल्या. एक घास खाल्ला आणि डोळे भरून आले. "बरो लागता मेलो," म्हणत त्यांनी आपला पेला माझ्यापुढे धरला. देव्हाऱ्याचा पडदा ओढायचा राहिला होता. मीही आठवण करून दिली नाही.