बर्फाच्या पाण्यातला हात

शीळफाट्याला रिक्षा खड्ड्यात आपटली आणि मी बाहेर फेकले गेले, तेव्हा नुसतं खरचटलेलं. हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, हे मी आज सरळ म्हणते. मोडलेलं हाड फोटोत दिसतं तरी. माझं दुखणं कशातच दिसेना. मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत आग व्हायची, कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि एमआरआय म्हणे नॉर्मल. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी फक्त झोप यायची. सासूबाई आधी तेल चोळून द्यायच्या. मग हळूहळू, पोळ्यांची वेळ झाली की हिचा हात बरा दुखतो, असं बोलायला लागल्या. नवरा वाईट नाही. पण रोज तेच रडगाणं ऐकून माणूस कंटाळतो, तोही कंटाळला.

शेवटी ओळखीतल्या कोणीतरी ठाण्यातल्या एका पेन क्लिनिकचं सांगितलं. तिथे दुखणं मोजतात म्हणे. मला एवढा आनंद झालेला की विचारू नका. इंजेक्शनं, औषधं नंतर बघू, आधी एखाद्या शिकलेल्या माणसाने माझ्या घरच्यांसमोर म्हणावं, हिला खरंच दुखतंय. बस्स, एवढंच हवं होतं मला.

तिथे एक तरुण मानसशास्त्राच्या मॅडम होत्या, बोलायला गोड. त्यांनी आधी स्वभावाची चाचणी दिली, हो की नाही त्यावर खूण करायची, आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. माझ्याने पेन धरवत नव्हतं, म्हणून नवराच शेजारी बसून प्रश्न वाचायला लागला. घरच्यांचा राग येतो का? सगळं सोडून निघून जावंसं वाटतं का? आपल्याला कोणी समजून घेत नाही असं वाटतं का? आता तुम्हीच सांगा, नवरा पेन घेऊन तोंडाकडे बघतोय, बाई काय सांगणार? नाही, नाही आणि नाही. अंगात सतत दुखतं का, याला तेवढं मी ठासून हो म्हटलं.

मग बर्फाच्या पाण्याचं भांडं आणलं. दुखरा नको, डावा हात मनगटापर्यंत बुडवा, सहन होईनासं झालं की काढा, असं मॅडमनी सांगितलं आणि घड्याळ लावलं. आता मी कोळ्यांची मुलगी, माहेर कोलशेतचं, खाडीकाठचं. आई बाजारात मासे विकायची. कळायला लागल्यापासून मी तिच्या बाजूला बसून बर्फातली कोलंबी निवडलेली. गिऱ्हाइकासमोर हात काढून फुंकर मारत बसलीस तर लोक हसतील, असं ती दटावायची. त्या दिवशी क्लिनिकमध्ये हात चांगला ठणकत होता, काढावासा वाटतही होता. पण समोर नवरा. ही नाटकं करणारी नाही, सोसणारी आहे, हे आज त्याला दिसू दे, असं माझ्या डोक्यात शिरलेलं. दात आवळून बसले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, पुरे, काढा आता. मी तर पहिला नंबर आल्यासारखी हसले.

पुढच्या वेळी त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. माझी सहनशक्ती खूप चांगली आहे. मग घरातल्या साध्या कामात इतकं असह्य होतं म्हणते, ते जुळत नाही. शिवाय राग नाही, तक्रार नाही, मनातलं मी काहीच बाहेर येऊ देत नाही, ते साठलेलं असं अंगातून बाहेर पडतं. "दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही," असंही त्या म्हणाल्या. पण ते नवऱ्याने ऐकलंच नाही. रिक्षात बसल्या बसल्या तो मोकळा झाला. म्हणाला, "बघ, तुला काही झालेलं नाही. उगाच घाबरलेलो मी." त्याचा आनंद खरा होता, आणि त्यानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी एकटी परत ठाण्याला गेले. बर्फाचं, आईचं, नवऱ्याने वाचलेल्या प्रश्नांचं, सगळं सांगितलं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. परत एकदा करा ना, म्हणून मी हात जोडले.

"करता येईल," त्या म्हणाल्या, "पण आता तुम्हाला कळलंय ना काय बघतात ते. आता हात लवकर काढलात तर मी त्याचा काय अर्थ लावू?"

झालं, संपलं! सोसलं तर दुखत नाही, नाही सोसलं तर ढोंग. मी बाहेर आले आणि जिन्यातच बसून रडले. माणसं बाजूने वर-खाली करत होती.

त्यानंतर मी दुखतंय म्हणायचं सोडलं. कोणाला आणि कशाला सांगायचं? कणीक मळते, बादली उचलते, आग होतेच आहे. घरात सगळे खूश. सासूबाई म्हणतात, माझी सून होती तशी झाली. नवरा तर डोंबिवलीभर सांगत सुटलाय, ठाण्याच्या मॅडमनी बरी केली.

परवा तो खालच्या मजल्यावरच्या वहिनींना घेऊन आला. त्यांची कंबर दुखते, रिपोर्ट सगळे नॉर्मल, घरात कोणी विश्वास ठेवत नाही. त्यांनी माझा हात धरला. दुखराच धरला, पण त्यांना काय माहीत.

"खरंच बरं वाटतं ना तिथे जाऊन?"

नवरा दारात उभा राहून कौतुकाने माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं. सोमवारी त्या जाणार आहेत.