कोलोफोनी म्हणजे राळ

चाकणच्या कंपनीत सोल्डरिंग करता करता माझे हात फुटले. तपासणीच्या कागदावर ‘कोलोफोनीची अ‍ॅलर्जी’ असं लिहिलं होतं. मला तो मोठाच आजार वाटला.

चिखलीतल्या जडीबुटीच्या दुकानात मी सोल्डरिंगचं काम सांगून मलम मागितलं. म्हाताऱ्या चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचला. मग एक बरणी उचलली आणि झाकण न उघडताच आतले पिवळे खडे मला दाखवले.

“जुनं इंग्रजी नाव आहे, बेटी. ही आपली चीड झाडाची राळ. तुझ्या सोल्डरच्या तारेत हीच असते. मलम नको, कंपनीत जागा बदलून माग.”

विकायला मलम असूनही त्यांनी ते दिलं नाही.

सुपरवायझरने मला पॅकिंगला टाकलं. परवा लेकीची वेणी घालताना हात झोंबले नाहीत, म्हणून मी ती सोडून पुन्हा घातली.