दातांत धरलेला पेचकस

साठच्या दशकात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवू लागले. नादकाट्याचा प्रयोग दर वर्षी करून दाखवायचे. काटा वाजवून कानाशी धरायचा. आवाज विरला की दांडी दातांत धरायची. आवाज परत येतो, कारण तो हाडांतून कानापर्यंत पोचतो. मुलं हसायची, मी फळा पुसून पुढच्या प्रयोगाकडे वळायचे.

पुढे इंजिनाच्या आवाजावर पीएच.डी. केली आणि यंत्र विभागात गेले. टेम्पोसाठी छोटं डिझेल इंजिन तयार करायचं काम माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेतले मिस्त्री माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. बहुतेकदा ते बरोबर निघायचे.

इंजिनांच्या आवाजात वर्षं काढून त्यांचे कान गेले. त्यांनी ते लपवलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. मला कळलं होतं. मीही गप्प राहिले. एक दिवस त्यांनी पेचकसाची मूठ कानाऐवजी दातांत धरली.

"काहो मिस्त्री, इंजिन खाऊन राहिले का?" माझा सहकारी ओरडला.

त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहून शब्द ओळखले. "खात नाही गा, चाखून राहिलो."

सगळे हसले. मीही हसले.

सलग शंभर तासांच्या चाचणीचा शेवटचा दिवस होता. इंजिनावर पूर्ण भार होता. मिस्त्री पेचकस तोंडातून काढून माझ्याकडे आले. "बाई, आतून ठोकून राहिलं. बंद करा."

मी तेलाचा दाब पाहिला, तापमान पाहिलं. काटे जागच्या जागी होते. मी कान दिला. मला ठोका ऐकू आला नाही. ज्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, त्यांना मला न ऐकू येणारा ठोका कसा ऐकू येईल, असा मी विचार केला. आता बंद केलं तर शंभर तास पहिल्यापासून. मी हातानंच खूण केली, चालू द्या.

थोड्या वेळानं ते मला न विचारता इंजिन बंद करायला इंधनाच्या दांडीकडे वाकले. त्याच क्षणी आतला कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला. धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

चौकशीत विचारलं गेलं, मिस्त्रींनी इशारा दिला होता का? मी म्हटलं, "त्यांना ऐकू येत नव्हतं." हे खोटं नव्हतं. प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मिस्त्रींना कामास अपात्र ठरवून घरी पाठवलं.

आपला पेचकस न्यायला ते एकदा आले. मी तो त्यांच्या डाव्या हातात दिला.

"बाई, दातानं ऐकू येते, हे तुमाले मालूम नव्हतं काय?"

"होतं," मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडेच पाहत होते. तरी मी मानही हलवली.