डिफेम आणि रसूलभाईंची सनद

अर्जनवीस बोलायला बसला की किस्से थांबत नाहीत, यात त्याचा काही दोष नाही. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं आपल्या हातानं लिहायची, वर मोठ्यानं वाचायची. मग ती डोक्यात साचणारच! नंदुरबारच्या कचेरीबाहेर चिंचेखाली मी बसायचो ती एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. आता त्याला जमाना झाला, पण अजूनही कुणी खणखणीत आवाजात कागद वाचायला लागलं की माझी मान आपोआप वळते.

आम्ही तिघं होतो. रसूलभाई सगळ्यांत वडील, मधले दामूअण्णा आणि नवखा मी. अर्ज लिहिला की तो अर्जदाराला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचा, त्यानं मान्य केलं की मगच अंगठा, हा आमचा नियम. ज्याला अक्षरओळख नाही, त्याचा सगळा भरवसा आमच्या वाचण्यावर. तो उडाला तर अर्ज लिहायची सरकारी सनद चुलीत घालायची!

*

एक वकीलसाहेब होते, कायम बगलेत डिक्शनरी. अब्रूनुकसानीची केस आली की त्यांना भारी चेव यायचा. एकदा चिंचेखाली उभं राहून त्यांनी आम्हाला 'डिफेम' शिकवलं.

"मूळ लॅटिन! फामा म्हणजे लोकांतली बोलवा. वाईट बोलवा चहूकडे पसरवायची, हा पहिला अर्थ. पुढे इंग्रजीत नुसता आरोप केला तरी डिफेम म्हणायचे. आता तो अर्थ गेला. आता फक्त अब्रू घालवणं!"

रसूलभाईंनी टाक खाली ठेवला. "पहिला अर्थ पसरवानं ना, साहेब? मंग आम्ही आठे रोज तेच तं करतस!"

वकीलसाहेब खो खो हसले, आम्हीही हसलो. रसूलभाई हसले नाहीत.

*

त्याला कारण होतं. मागे एक भाजीवाली आली होती. शेजारणीनं तिला भांडणात डाकीण म्हटलेलं. त्या काळी हा शब्द चिकटला की लोक पोरं घरात घ्यायचे, भाजीलाही हात लावायचे नाहीत. बाई घाबरून अर्धी झाली होती. शब्द तोंडानं उच्चारेना, शेवटी रसूलभाईंच्या कानात सांगितला.

कायद्याला नेमका शब्द लागतो. रसूलभाईंनी तो लिहिला आणि नेहमीच्या आवाजात अर्ज वाचला. आजूबाजूला तीस-चाळीस पब्लिक! सगळ्यांनी वळून बाईकडे पाहिलं.

ती रडतच म्हणाली, "भाई, तिनी एकडाव सांगं. तुम्ही तं दवंडी पिटी दिन्ही!"

रसूलभाई त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून शिवीची ओळ आली की ते अर्जदाराच्या कानाशी वाकून वाचायचे. आम्हीही तसंच करायला लागलो.

*

सगळेच काही असे नाजूक नसायचे. एका बागायतदाराला मी विचारलं, "समोरचा नेमकं काय बोलला?" त्यानं एक शिवी सांगितली. मी लिहिली. "थांबा, त्याच्या पुढे बी बोलना." आणखी एक. असं करत करत पान भरलं, आणि दर शिवी आधीच्यापेक्षा सरस!

पलीकडे दामूअण्णांच्या चटईवर एक माणूस स्वतःची कैफियत लिहून घेत बसला होता. तो एकदम उठून ओरडला, "अरे, मी इतलं चांगलं बोलनूच नही!"

तोच आरोपी होता!

*

आता ज्या गोष्टीनं आमची झोप उडवली, ती. खांडबाऱ्याकडचा दगा पाटील बांधाची केस हरला. अर्ज रसूलभाईंनी लिहिलेला. हा गडी भर बाजारात ओरडला, "रसूलभाई वाचस एक, नि लिखस दुसरंच!"

खांडबाऱ्याहून येणाऱ्या गाडीनं ही बोलवा आमच्याआधी कचेरीत पोचली. चार दिवसांत रसूलभाईंची चटई ओस पडली. त्यांची जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून माझ्याकडे यायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग कचेरीतून नोटीस आली: खुलासा करा, नाहीतर सनद जप्त. वीस वर्षांची सनद!

दगा पाटलावर अब्रूनुकसानीची फिर्याद करायचं ठरलं. पण स्वतःचा अर्ज स्वतः लिहायचा नाही, ही चिंचेखालची रीत. लिहायला बसलो मी. वाचताना पाटलाच्या आरोपाची ती ओळ आली, तसा मी त्यांच्या कानाशी वाकलो.

त्यांनी मला हातानं मागे सारलं. "मोठ्यानं वाच, बेटा. मन्हा बारामा शे, लोकेस्ले आयकू दे."

मी वाचलं. चिंचेखालचे सगळे वळून बघायला लागले. रसूलभाईंना उत्तम लिहिता यायचं, तरी त्यांनी सहीऐवजी अंगठा लावला. इतकी वर्षं त्यांचे अर्जदार लावायचे तसा.

*

तारखेच्या दिवशी सकाळीच दगा पाटील चिंचेखाली हजर! त्याला आपल्या बचावाची कैफियत लिहून हवी होती. दामूअण्णांनी चटई झटकली, मी सरकून जागा केली. तो आमच्याकडे न पाहता सरळ पुढे गेला आणि रसूलभाईंच्या समोर फतकल मारून बसला.

दामूअण्णांच्या हातातली तपकीर सांडली.

रसूलभाईंनी कागद घेतला, टाक बुडवला. "काय लिखू, पाटील?"

"लिखा. मी बाजारमा बोलनू ते खरं शे. रसूलभाई वाचस एक, नि लिखस दुसरंच."

रसूलभाईंनी एकेक अक्षर शांतपणे लिहिलं. मग कागद हातात धरून, साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पाटील डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होता. त्यानं अंगठ्याला शाई लावून घेतली.

मला राहवलं नाही. मी ओरडलोच, "अहो पाटील, त्यांनी वाचलं तेच लिहिलंय, हे तुम्हाला काय ठाऊक?"

पाटलानं असं पाहिलं, जशी काही मीच त्याची अब्रू घेतली होती.

"रसूलभाईनी वाचं ना? मंग!" असं म्हणून त्यानं अंगठा दाबला.